नदीकाठच्या गावाची संध्याकाळची बस

आई,

न्हावऱ्यावरून पारगावच्या पुलाकडं जो रस्ता जातो, त्या रस्त्यावरच्या एका गावाला आम्ही बसथांबा बांधून दिलाय. चांगला झालाय. स्टीलची बाकं, वर पक्का पत्रा, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला चढता यावं म्हणून बाजूला उतार, आणि पुढची गाडी कधी येणार ते दाखवणारा लाल अक्षरांचा बोर्ड. त्या बोर्डावर दिवसभर फक्त 'स्वागत आहे' एवढंच फिरत असतं. सकाळची एक आणि दुपारची एक अशा जुन्या दोन गाड्या तिथून जातात, पण संध्याकाळच्या ज्या गाडीसाठी गावानं इतकी वर्षं अर्ज केले, ती काही येत नाही. आज त्या गावाची फाइल माझ्या टेबलावर परत आली. साहेबांनी शेरा मारलाय, 'पर्यायी व्यवस्था उपलब्ध. मागणी निकाली काढावी.' मी शेरा वाचला, फाइल बंद केली, जेवायच्या सुट्टीत डबा उघडला, आणि पहिला घास घेतल्यावर लक्षात आलं की मला कुणाशी तरी भांडायचंय. ऑफिसात भांडून झालंय. घरी नवरा म्हणतो, 'तू इतकं मनाला का लावून घेतेस?' राहिलीस तू. तुला जाऊन बरीच वर्षं झाली, पण भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेणारं दुसरं माणूस मला अजून मिळालेलं नाही.

तू नेहमी विचारायचीस, तुमच्या ऑफिसात नेमकं करतात काय? बस तुमची नाही, रस्ता तुमचा नाही, ड्रायव्हर-कंडक्टर तुमचे नाहीत. मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. आता नीट सांगते. आम्ही आराखडा करतो. पुढच्या काही वर्षांत या भागातली माणसं कुठून कुठं जातील, त्यांना गाडी कुठं लागेल, थांबा कुठं, रस्ता कुठं रुंद करायचा, हे सगळं त्यात येतं. गावोगावच्या मागण्या गोळा करायच्या, पाहणी करायची, प्रत्येक कामाला गुण द्यायचे, गुणांप्रमाणे क्रम लावायचा, आणि मग वरच्या कामांसाठी पैसा शोधायचा. पैसा एका खिशातून येत नाही. थोडा दिल्लीहून येतो, थोडा राज्य देतं, थोडा आमचा स्वतःचा हिस्सा असतो, आणि प्रत्येक खिशाच्या अटी वेगळ्या. त्यातली एक गोष्ट मला इतक्या वर्षांत पचलेली नाही. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. थांबा बांधला की खर्च एकदाच होतो, फोटो निघतो, खर्च झाल्याचं प्रमाणपत्र वर जातं, विषय मिटतो. बसला मात्र रोज डिझेल लागतं, रोज ड्रायव्हर लागतो, आणि आडवाटेच्या गाडीत तिकिटावर तेवढं सुटत नाही. तो रोजचा तोटा कुणी अंगावर घेत नाही. म्हणून आमच्या भागात थांबे वाढतात. गाड्या तेवढ्याच.

मी नोकरीला लागले त्या वर्षीचा नाताळ मला सारखा आठवतो. शिरूरचं मिशन कंपाउंड, आपलं ते अरुंद स्वयंपाकघर. तू ओट्याशी उभी राहून करंज्या तळतेयस, मी खाली चटईवर बसून सारण भरतेय. शेजारचे आप्पा दारात येऊन उभे राहतात. 'व्हय गं, तू आता बसच्या हापिसात लागलीस न्हवं? मंग आपल्या चर्चच्या फाटकापाशी एक थांबा पडंल का? हिचं गुडघं गेल्यात. ष्ट्यांडापतुर चालवत न्हाई.' मी मोठ्या ऐटीत म्हणते, 'बघते ना आप्पा. प्रयत्न करते.' आप्पा खूश होतात, गरम करंजी हातावर घेऊन फुंकत फुंकत जातात. तू झारा कढईत तसाच धरून माझ्याकडं वळतेस.

'होणार आहे का?'

'अगं आई, शहरातले थांबे माझ्याकडं येतच नाहीत.'

'मग त्यांना काय सांगितलंस?'

'प्रयत्न करते म्हटलं. त्यात काय?'

'कसला प्रयत्न? ते आता घरी जाऊन सांगतील, थांबा होणार आहे. ती बिचारी रिक्षाला नको म्हणेल आणि थांब्याची वाट बघत बसेल. होणार असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण. असं लोंबकळत ठेवायचं नाही कुणाला.'

तेवढ्यात कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या, आणि त्याही तू माझ्याच खात्यावर मांडल्यास. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला आप्पांच्या घरी पाठवलंस. आप्पा चिडतील असं मला वाटत होतं. मी सांगितलं की थांबा होणार नाही, ते काम माझ्या हातातलं नाही. आप्पा म्हणाले, 'बरं. मंग भाच्याला सांगतो रिक्षाचं.' एवढंच. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही.

पहिला पगार हातात यायच्या आधीच तू मला बूट घेऊन दिले होतेस. तपकिरी, जाड तळव्याचे, पुरुषांच्या दुकानातून आणलेले. मला ते घालायची लाज वाटायची. 'गावं बघायला जाशील तेव्हा हे घाल,' म्हणालीस. 'सँडल घालून चिखलात उभी राहिलीस की तुला कधी एकदा गाडीत जाऊन बसते असं होईल, आणि समोरच्या माणसाचं बोलणं अर्धंच ऐकशील.' तू तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत शिकवायला शिरूरहून रोज बसनं जायचीस. पावसाळ्यात नदीकडच्या मुली गुडघ्यापर्यंत चिखलात भरून वर्गात यायच्या, आणि तू त्यांना पाय धुवायला पाणी काढून ठेवायचीस. दुपारी गाडी चुकू नये म्हणून त्या शेवटचा तास सोडून पळायच्या. तू त्यांना कधी अडवलं नाहीस, फक्त शेवटच्या तासाचं गणित तू सकाळी शिकवायला लागलीस. ते बूट कधीच झिजून गेले. पण तशाच जाड तळव्याचे मी अजूनही घेते.

तर हे गाव. तिथल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका भांडगावच्या बाजूला कंपन्यांमध्ये पॅकिंगच्या कामाला जातात. सकाळी जायला गाडी मिळते. संध्याकाळी पाळी सुटते तेव्हा हमरस्त्यावरच्या चौफुल्यावरून आत यायला काही नसतं. मग त्या भाजी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या पिकअपमध्ये मागं उभ्या राहून यायच्या, क्रेटच्या राशीला धरून. मागच्या आराखड्याच्या वेळी असाच एक पिकअप पुलाच्या अलीकडच्या वळणावर कलंडला. जीव कुणाचा गेला नाही. एका बाईचा डावा हात कोपरात मोडला आणि नीट जुळलाच नाही. मी पाहणीला गेले तेव्हा ती दारात शेंगा फोडत बसली होती, डाव्या हातानं नुसती धरून आणि उजव्या हातानं फोडून.

'हात वाकडा का असंना, हाय अजून,' ती म्हणाली. 'पन मॅडम, पिकअपमदी चडायचं म्हटलं की जीव घाबरा व्हतो. घरात म्हंत्यात, बस आता घरी. घरी बसून कसं व्हईल? पोरगी नर्सिंगला हाय, तिचं अजून दोन वर्सं ऱ्हायल्यात. तुमी संध्याकाळची गाडी देताय का?'

मी तिला म्हटलं, 'मी मांडते. मंजूर होईल का ते आज सांगू शकत नाही.'

'कवा सांगाल?'

'ठरलं की. हो असो नाहीतर नाही, मी स्वतः सांगेन.'

मग मी मांडलं. आई, मी किती मांडलं! तळेगाव, न्हावरा, पारगाव, चौफुला, भांडगाव असा मार्ग आखला, पाळ्यांच्या वेळा लावल्या, कॉलेजच्या मुली जोडल्या, न्हावऱ्यापर्यंत येऊन पुढं शिरूरच्या दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं जोडली. पाहणीचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलेलं असतं. त्यांची मुलं न्हावऱ्याच्या चौकात उभी राहिली आणि संध्याकाळी त्या रस्त्यानं बसमधून किती माणसं जातात ते त्यांनी मोजलं. अहवालात शून्य आलं. मी तो कागद घेऊन साहेबांकडं गेले.

'सर, या वेळेला या रस्त्यावर बसच नाही. जी गाडी नाही तिच्यातली माणसं कशी मोजणार?'

'मॅडम, मागणी दिसायला हवी ना कुठंतरी.'

'मागणी पिकअपमध्ये उभी आहे, सर. क्रेट धरून. तिची गणना करायला सांगू का?'

'मालवाहू गाडीतले प्रवासी अधिकृत नसतात. ते आपल्याला धरता येत नाहीत.'

साहेब वाईट नाहीत, हे तुला सांगायला हवं. स्वतः बीडकडच्या लहान गावातून आलेत, टेबलाखालून काही घेत नाहीत, वेळेवर येतात. पण वर जे मान्य होणार नाही ते खालीच कापायचं, अशी सवय त्यांच्या हाताला लागलीय. मार्गाला गुण कमी मिळाले, तो यादीत खाली गेला, आणि पैसा खालपर्यंत पोचलाच नाही. मी दुसरा रस्ता धरला. तीन गावांच्या सरपंचांना भेटले, कंपनीच्या मॅनेजरला भेटले. रोजचा तोटा आपसांत वाटून घ्यायचा, असं बोलणं केलं. तू हसशील, पण ते तयार झाले. कुरकुर केली, तरी ठराव दिले. ते ठराव घेऊन मी लेखा विभागात गेले, तर तिथं सांगितलं की ग्रामपंचायतीकडून आणि खासगी कंपनीकडून बस चालवायला पैसे जमा करून घेण्यासाठी आपल्याकडं लेखाशीर्षच नाही. पैसे द्यायला माणसं तयार होती, आणि ते घ्यायला आमच्याकडं खातं नव्हतं. नवीन खातं उघडायची परवानगी मागणारा प्रस्ताव मी पाठवला. तो अजून वर आहे. आणि याच काळात थांबे सुधारण्याचा वेगळा निधी आला, त्यात हे गाव बसलं. साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. 'बघा, तुमच्या गावाला मिळालं की नाही काहीतरी?'

जनसुनावणी तळेगाव ढमढेऱ्याला ठेवली होती, आठवडे बाजाराच्या दिवशी, म्हणजे माणसं येतील. आली. पिशव्या पायाशी ठेवून बसली, पहिल्या रांगेत पुढारी, मागं बायका. साहेबांनी पडद्यावर नकाशे दाखवले, रंगीत रेघा, दहा ठिकाणी बाण. संपल्यावर ती बाई उभी राहिली, वाकडा हात पदराखाली धरून.

'आमच्या संध्याकाळच्या गाडीचं काय झालं?'

'ताई, आपली मागणी नोंदवली आहे,' साहेब म्हणाले. 'आमचे प्रयत्न सुरू आहेत. शासन सकारात्मक आहे.'

पहिल्या रांगेतून टाळ्या पडल्या. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, 'म्हंजी दिवाळीपतुर व्हईल का?'

'लवकरच, बाबा.'

बायका एकमेकींकडं बघून हसल्या. मला त्यांचं ते हसणं बघवेना. एक जण लगेच दुसरीच्या कानाशी लागली, बहुतेक दिवाळीनंतरच्या कामाच्या पाळीबद्दल असेल. मी उठून उभी राहिले. उठायचं असं काही ठरवलं नव्हतं. माईक साहेबांच्या हातात होता, म्हणून मी मोठ्यानं बोलले. म्हटलं, 'संध्याकाळची बस या आराखड्यात नाही. थांबा आहे, बस नाही. पुढचा आराखडा होईपर्यंत ती येण्यासारखी नाही. तिच्या भरवशावर कुणी राहू नका.'

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. 'मंग आमाला हितं बोलावलंच कशाला?' 'बाजार सोडून आलोय आमी!' पहिल्या रांगेतले एक जण मागं वळून मला म्हणाले, 'मॅडम, तुमी कुनाच्या बाजूनं हाय?' ती बाई अजून उभीच होती. माझ्याकडं बघून म्हणाली, 'मंग शेड घिऊन काय करू? उन्हात हुबं ऱ्हायचं ते सावलीत हुबं ऱ्हाऊ, येवढंच ना?' तिनं पिशवी उचलली आणि ती बाजारात निघून गेली. तिच्या मागोमाग बाकीच्या गेल्या.

परत येताना गाडीत शिक्रापूर आलं तसे साहेब माझ्याकडं वळले. मग म्हणाले, 'मॅडम, लोक सुनावणीला उत्तर घ्यायला येत नाहीत. आपलं कुणीतरी ऐकतंय एवढं त्यांना पुरतं. तेवढंही तुम्ही काढून घेतलंत.' मी म्हटलं, 'सर, त्या पुढच्या पाळ्या ठरवत होत्या.' आठवड्याभरात मला खुलासा मागणारं पत्र आलं. मी खुलासा दिला, तरी माझ्या नावावर एक ताकीद लागली, आणि या वर्षीची बढती गेली. ते मी सोसलं. खरंच सोसलं. तू असतीस तर जेवायला वाढून गप्प बसली असतीस, आणि मला ते पुरलं असतं.

त्या बायकांनी मात्र वाट बघितली नाही. एका शाळेनं विकायला काढलेली जुनी व्हॅन गावातल्या एकानं घेतली होती. त्याच्याशी त्यांनी महिन्याचं ठरवलं. सगळं जुळवलं ते त्या वाकड्या हाताच्या बाईनं. कोण कुठं चढणार, कुणाची सुट्टी कधी, कुणी मागच्या महिन्याची वर्गणी दिली नाही, सगळं तिच्या फोनवर. पगारातला चांगला भाग त्यात जातो, गाडीला मागचं दार नीट लागत नाही, पण ती रोज येते. मला हे कळलं ते थांब्याच्या उद्घाटनाच्या दिवशी. मंडप होता, फीत होती, पुढाऱ्यांची भाषणं लांबत संध्याकाळ झाली. तेवढ्यात चौफुल्याच्या बाजूनं पिवळी व्हॅन आली. आत बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मोठमोठ्यानं बोलत होत्या. व्हॅन थांब्यापाशी थांबली नाही, मंडपाला वळसा घालून पुढं गावात गेली. खिडकीतून त्या बाईनं मला ओळखलं आणि चांगला हात बाहेर काढून हलवला.

साहेबांनी विचारलं, 'या कोण?'

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कुणी जुळवलं, कसं जुळवलं. मला वाटलं, त्यांना लाज वाटेल. ते म्हणाले, 'अरे वा. म्हणजे प्रश्न सुटला.'

आणि आज तो शेरा. मी फाइल घेऊन पुन्हा त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, 'सर, ती व्हॅन पाळीच्या बायकांची आहे. कॉलेजच्या मुलींना तीत जागा नाही. दवाखान्यातून परतणाऱ्या माणसांना नाही. आणि आपण काही दिलं नाही म्हणून त्यांनी ती केली. आपण न दिल्याचा पुरावा आपण दिल्यासारखा कसा धरायचा?' ते म्हणाले, 'ती वेगळी मागणी आहे. वेगळा अर्ज येऊ द्या, पुढच्या वेळी बघू.' मग जरा नरमाईनं म्हणाले, 'मॅडम, गाडी मिळाली ना त्यांना? आणखी काय हवं तुम्हाला?' मी केबिनमधून बाहेर आले. थांब्यावर आता कुणाकुणाच्या वाढदिवसाचे फलक लागतात. बाकांवर दुपारी कांद्याच्या गोण्या असतात. पुढच्या यादीत त्या मार्गाचं नाव नसेल, कारण आमच्या दप्तरी तो प्रश्न सुटलाय. ज्यांनी 'नाही' ऐकून स्वतःची सोय केली, त्यांना त्याचीच शिक्षा झाली. आणि ते 'नाही' मी म्हटलं होतं. हे तुला विचारायचं होतं, आई. आप्पांनी रिक्षा केली, तिथं तुझं म्हणणं संपलं होतं. इथं मी काय करायला हवं होतं? गप्प बसले असते तर त्या आजही पिकअपमध्ये असत्या, आणि त्यांचं नाव यादीत असतं. दोन्हीतलं कुठलं बरं, हे मला दुपारपासून ठरवता येत नाहीये.

हे पाठवायला कुठं पत्ता नाही, ते मला कळतं. शिरूरला तुझ्या कबरीपाशी जाऊन मोठ्यानं वाचलं असतं तरी चाललं असतं. पण तेही मी करणार नाही, कारण एक गोष्ट राहिलीय आणि ती तुझ्यासमोर माझ्या तोंडून निघणार नाही. त्या संध्याकाळी पिवळी व्हॅन समोरून गेली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. त्या बाईचा हात मोडला होता, आणि ती आता बसून, हसत, कामावरून घरी चालली होती. मला राग आला. साहेबांचा नाही, सरकारचा नाही, त्या बायकांचा. मी त्यांच्यासाठी इतकं झगडले, आणि त्यांचं माझ्यावाचून काही अडलं नाही, हे मला सहन झालं नाही. तिनं हात हलवला, आणि मी दिसलं नाही असं दाखवून तोंड फिरवलं.